गंगामावशीनं दार अडवलं तेव्हा

संसद कशी चालते ते टीव्ही पाहणाऱ्यांनी मला सांगू नये. मी आमच्या गंगामावशीसोबत प्रेक्षक गॅलरीत बसून आलोय. किनवटजवळच्या आमच्या स्टेशनावर सकाळची गाडी थांबत नाही, म्हणून मावशीच्या नातीचं नांदेडचं कॉलेज सुटायची वेळ आली होती. त्यावर आमचे खासदार त्या दिवशी मंत्र्यांना प्रश्न विचारणार होते.

प्रश्नोत्तरं सुरू होताच खाली गोंधळ माजला. इकडं मावशी नुसती खोकली, तर पहारेकरी धावत आला, "माताजी, आवाज नहीं!"

"खालचे गळा फाडून राहिले ते चालतं, अन् मला खोकायची बंदी?"

तेवढ्यात सभागृह तहकूब झालं. गॅलरी रिकामी करा म्हणाले. आता, आमच्या गावात ग्रामसभा सोडून सरपंच निघाला, की बाया दारात बसतात. मावशी उठली अन् थेट गॅलरीच्या दारात मांडी घालून बसली. पहारेकऱ्यांनी हात जोडले, उपयोग शून्य. शेवटी खासदारांना बोलावून आणलं.

"मावशी, उठा. मंत्री कवाच गेले. उत्तर लेखी येईल."

"गेले तर जाऊ द्या. आमच्याकडं सरपंच पळाला की उपसरपंचाला धरतात. तुम्ही तर हायेत ना? बसा इथं."

तुम्हाला खोटं वाटेल, पण खासदार कडक इस्त्रीचा झब्बा सावरत खाली फरशीवर बसले. मावशीनं पदर खोचला.

"हं, आता सांगा. गाडी कधी थांबती?"