जेवणघरातल्या टेबलावर पलंगाची चादर अंथरल्याबाबत

ठिकाण: बंदर पोलीस ठाणे. जहाज सकाळी धक्क्याला लागल्यानंतर.

जबाब देणार: पुरुष, वय सदुसष्ट, धंदा पूर्वी प्रवासी जहाजावर मुख्य वेटर, सध्या निवृत्त. राहणार बाजारामागची गल्ली, बेकरीच्या वरचा मजला. नाव ओळखपत्रावरून वेगळे उतरवून घेतले आहे. जहाजावर मला सगळे घडीमास्तर म्हणत, तेही लिहून घ्यावे असे मी सांगितले.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. आम्हाला एक मुलगी आहे, ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. या जहाजाच्या जेवणघरात मी उभा जन्म काढला आहे. सध्या मी त्याच जहाजावर पत्नीसह प्रवासी म्हणून आहे. अर्धा प्रवास झाला, अर्धा बाकी आहे. जहाज आज संध्याकाळी सुटणार आहे आणि आम्हा दोघांना परत वर घ्यायचे की सामान खाली उतरवायचे, हे या जबाबावर ठरणार आहे असे मला समजावून सांगितले.

काल संध्याकाळी जेवणघरात माझी आणि तिथल्या मॅनेजरची झटापट झाली, पाण्याचा जग फुटला आणि मॅनेजरच्या तळहाताला काच लागली, हे खरे आहे. मी जहाजाची चादर चोरली असे त्याच्या तक्रारीत आहे, ते साफ खोटे आहे. चादर आमच्याच खोलीतल्या पलंगावरची होती. ती मी जहाजाबाहेर नेली नाही, जेवणघरात नेली. तिथे टेबलक्लॉथ असते तर मला पलंग उघडा करायची हौस नव्हती.

टेबलक्लॉथचा एवढा आग्रह का, असे विचारल्यावरून सांगतो. लग्न झाले तेव्हा मला जहाजावर लागून थोडेच दिवस झाले होते. वर्षाचा बहुतेक काळ मी पाण्यावर, ती घरी. बंदराला लागलो की दोन जेवणांच्या मधल्या वेळात मी तिला फोन करायचो. पहिला प्रश्न तिचा ठरलेला, ''आज काय वाढलंत?'' मग मी सांगायचो. खिडकीजवळचे टेबल, खाली जाड फ्लॅनेलच्या कापडाचा थर म्हणजे चमच्यांचा आवाज होत नाही, वर पांढरा टेबलक्लॉथ, त्याची मधली घडी बरोबर खिडकीच्या रेषेत. मग सूप, मासा, पाव, लोणी. ती तिकडे काही बोलायची नाही. बऱ्याच वर्षांनी मला कळले की जहाज बंदराला असे त्या दिवशी फोन येईपर्यंत ती दुपारचे जेवत नसे. मी सांगत असताना ती तिकडे घास घेत असे. ''अगं, एवढा वेळ उपाशी कशाला राहायचीस?'' म्हटले, तर म्हणाली, ''एकटीनं जेवण्यापेक्षा बरं.'' त्या दिवशी मी तिला कबूल केले की एक दिवस तुला त्याच टेबलावर बसवीन. साहेब, मला तिची फार आठवण यायची. इतर लोकांच्या बायकांना खुर्ची ओढून द्यायची आणि आपली बायको कुठे, तर बेकरीच्या वर. हे वाक्य जबाबात लागेल की नाही ते साहेबांनी ठरवावे.

नोकरीत असताना घरच्यांना जेवणघरात आणायला परवानगी नव्हती. निवृत्तीनंतर आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. शेवटी मुलीने तिकिटे हातात ठेवली आणि म्हणाली, ''बाबा, आता नाही गेलात तर मी आईला घेऊन जाईन, तुम्ही बसा घरी.'' पत्नीने यासाठी निळा पोशाख शिवून घेतला. शिंप्याकडे चार वेळा गेली. मी म्हटले, लग्नात एवढे नखरे केले नव्हतेस. ती म्हणाली, ''लग्नात तुम्हाला रजा कमी होती.''

पहिल्या संध्याकाळी तिला घेऊन मी जेवणघरात शिरलो आणि दारातच थांबलो. सगळी टेबले उघडी. तपकिरी, गुळगुळीत, दवाखान्याच्या बाकासारखी. प्रत्येकाच्या पुढ्यात एक काळी रबरी चटई. पत्नी म्हणाली, ''छान आहे की हो.'' मी म्हणालो, ''छान काय डोंबल!'' त्या रात्री मी ताट तसेच परत पाठवले, आणि तिने तरी काय खाल्ले ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला गाठले. हा मुलगा माझ्या हाताखाली आला तेव्हा त्याला नॅपकिन धड धरता येत नव्हता. आता सूट घालतो. माझ्याशी तो अदबीनेच बोलला, खोटे कशाला सांगू. म्हणाला, ''मास्तर, जमाना बदलला. टेबलक्लॉथ धुवायला किती पाणी जायचं तुम्हाला माहीत आहे. आणि लोक आता अर्ध्या चड्डीत जेवायला येतात. पांढरं कापड बघितलं की ते बिचारे अंग चोरून बसतात.'' मी म्हटले, ''अरे, समुद्र खवळला की आपण टेबलक्लॉथवर पाणी शिंपडायचो ना? ओल्या कापडावर बशी जागची हलत नाही. आता काय करणार, बशा दोरीनं बांधणार?'' तो म्हणाला, ''म्हणून तर रबरी चटई आहे.'' मी म्हटले, ''चटईवर माणूस झोपतो, जेवत नाही.'' तो हसला. मला त्याच्या हसण्याचा राग आला. एका टेबलापुरता तरी टेबलक्लॉथ दे, माझ्या बायकोला शब्द दिला आहे, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, जहाजावर आता एकही शिल्लक नाही, फाडून पुसणी केली.

त्यानंतर दोन दिवस मी तसेच काढले. पत्नी डेकवर बसायची, मी जेवणघराच्या दाराशी घुटमळायचो. ती एकदा म्हणाली, ''अहो, समुद्र बघायला आलोय ना आपण? इकडे या.'' मी म्हणालो, समुद्र मी पुष्कळ पाहिला आहे.

काल दुपारी मी खोलीतली चादर काढली आणि खाली लाँड्रीत गेलो. लाँड्रीवाला माझ्या वेळचा आहे, त्याची निवृत्ती जवळ आली आहे. चादरीला कडक इस्त्री करून दे म्हटले, तर तो माझ्यावरच घसरला. ''टेबलक्लॉथ बंद झाले तेव्हा आम्ही खाली नाचलो, मास्तर. तुमचं वर पांढरंशुभ्र आणि आमचे हात सोललेले. तुम्ही कधी लाल वाइनचा डाग काढलाय?'' मी नाही म्हटले. त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही, तेही लिहावे. पण त्याने इस्त्री केली. म्हणाला, ''वहिनींसाठी करतोय, तुमच्यासाठी नाही.''

संध्याकाळी जेवणघर उघडल्याबरोबर मी आत गेलो. खिडकीजवळच्या टेबलावरच्या चटया गुंडाळून खुर्चीखाली ठेवल्या, चादर अंथरली, घडी खिडकीच्या रेषेत घेतली. चारी बाजूंनी पडणारे कापड हाताने मोजले. नॅपकिनचे कमळ केले. हात विसरले नव्हते. मग पत्नीला घेऊन आलो. ती निळा पोशाख घालून आली होती. मी खुर्ची ओढून दिली आणि आम्ही दोघे जेवायला बसलो.

सूप आले तोवर सगळे ठीक होते. मग शेजारच्या टेबलावरच्या एक आजी म्हणाल्या, ''आम्हाला का नाही कापड? आम्ही काय पाप केलंय?'' पलीकडच्या दोघांनी त्यांना दुजोरा दिला. कोणी फोटो काढू लागले. मॅनेजर धावत आला आणि हळू आवाजात म्हणाला, ''मास्तर, पाया पडतो, काढा हे. मी सगळ्यांना कुठून देऊ?'' मी म्हटले, ''हात लावून बघ.'' त्याने एक टोक धरले, मी दुसरे धरले. तो ओढतो, मीही ओढतो, असा तमाशा भर जेवणघरात झाला. जग पडला, फुटला. सूप पत्नीच्या मांडीवर सांडले. ते फार गरम नव्हते. मॅनेजर काचा उचलायला वाकला आणि त्याचा हात कापला. मी त्याला ढकलले नाही. त्याच्या हाताला माझाच नॅपकिन बांधला.

माफी मागितली तर तक्रार मागे घेतो, असे मॅनेजरने आज सकाळी धक्क्यावर सांगितले. मी नाही म्हणालो. ज्याने माझ्या बायकोच्या पुढ्यातले टेबल उधळले, त्याची माफी मी का मागावी?

येथे अंमलदार साहेबांनी जबाब वाचून दाखवला. पत्नी बाहेर बाकावर बसली होती, दार उघडे होते. 'आम्ही दोघे जेवायला बसलो' हे वाक्य आले तेव्हा ती आत आली आणि म्हणाली, ''साहेब, हे तेवढं खरं नाही. मी एकटी बसले होते.''

साहेबांनी मला विचारले. विचारल्यावरून सांगतो की, मी बसलो नव्हतो. मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो, डाव्या हातावर नॅपकिन टाकून. सूप मीच वाढले. ती तीनदा म्हणाली, ''बसा ना.'' मी म्हणालो, ''आधी मासा येऊ दे.''

पत्नीचे म्हणणे साहेबांनी तिच्याच शब्दांत घ्यायला सांगितले, ते असे: ''यांचा मॅनेजरवर राग आहे, माझा नाही. टेबल उघडं असो नाही तर झाकलेलं, मला काय करायचंय? घरी रजेवर आले तरी हे मला वाढायचे आणि मागे उभे राहायचे. मी म्हणायची, हौस आहे, राहू दे. नंतर जेवायचे स्वयंपाकघरात, उभ्यानं, भांड्यातलं संपवत. एवढी वर्षं मी फोनवर ऐकत जेवले ना, ते पदार्थांसाठी नव्हतं हो. मला वाटायचं, जहाजावर गेलो की तिथे हे पाहुणे, तिथे तरी बसतील. काल मी मान वळवून वळवून बोलत होते. मला यांचं तोंड दिसत नव्हतं.''

यावर मला काही म्हणायचे आहे का, असे विचारले. मी थोडे पाणी मागितले.

पाणी प्यायल्यानंतर पुढे सांगतो की, मॅनेजरची मी माफी मागतो. चादर धुऊन द्यायची तर लाँड्रीवाल्याला त्रास न देता मी स्वतः धुईन. जहाजावर परत जायचे आहे का, हे साहेबांनी मला विचारले. मी म्हणालो, हिला विचारा. ती म्हणाली, ''हे बसणार असतील तर जाऊ. नाही तर बसनं घरी जाऊ.'' त्यावरून मी लिहून देतो की, आज संध्याकाळपासून मी जेवायला पत्नीच्या समोरच्या खुर्चीवर बसेन, वाढायचे काम ज्याचे त्याला करू देईन आणि तिचे जेवण होईपर्यंत उठणार नाही. अशी हमी जबाबात घेता येत नाही, असे साहेबांनी सांगितले. मी म्हणालो, घ्या. पत्नी म्हणाली, ''घ्याच.''

हा जबाब मला पुन्हा वाचून ऐकवला. जिथे तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर नव्हता, तिथे पत्नीच्या सांगण्याप्रमाणे बरोबर केला आहे. त्यावर आधी तिची सही घ्यावी, खाली माझी.