झोपेतली शिलाई

रविवारी दुपारी बसथांब्यावर नऊ माणसं होती. त्यांतले सात जण सिनेमा पाहून आले होते. सिनेमा पोर्तुगालातल्या त्यांच्याच, बूट बनवण्यावर जगणाऱ्या गावाचा, घरी बसून बूट शिवणाऱ्या एका मुलीचा. रसायनशास्त्र शिकून नुकतीच परतलेली लिओनोर रांगेत शेवटी होती. पुढच्या दोघींचं बोलणं तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

“काय काम केलंय पोरीनं! शिवायला बसण्याआधी करंगळीला चिकटपट्टी गुंडाळली, पाहिलंस ना देओलिंडा?”

“पाहिलं तर! मेणाचा दोरा तिथंच बोटाला कापतो. कुणी शिकवलं असेल गं, झुल्मीरा?”

“आपल्यातल्याच कुणीतरी. शहरातल्यांना काय कळतंय!”

“मला वाटलं, उगाच रडवतील. पण पोरगी एकदाही रडली नाही बघ.”

“आणि वर्गात झोपली तेव्हा? झोपेतही दोन्ही हात दोरा ताणल्यासारखे ओढत होती. माझ्या अंगावर काटाच आला.”

“आमची कातिया परवा सोफ्यावर झोपली होती. तिचेही हात तसेच चालले होते.”

“तिला शिवायला बसवतेस? तेरा वर्षांची आहे ती!”

“शाळेतून आल्यावर दोनच तास.”

“सिनेमातली आईसुद्धा दोनच तास म्हणत होती, बाई.”

देओलिंडाने पर्समधून फोन काढला आणि घरोघरी शिवायचे बूट पोचवणाऱ्या माणसाला लावला.

“आब्रेउ साहेब, उद्या आमच्या दारात बुटांची एकच पिशवी टाका. माझ्यापुरती. नाही, पोरगी आजारी नाही. यापुढेही एकच. ठेवते.”

फोन एकवीस सेकंद चालला.