खंडेनवमीचं सील

...आणि वर मीच दगडाच्या काळजाची! नाही, मला सांगा, सील कोणी तोडलं? मी? पक्कड घेऊन वेलूरच्या पुढे ढाब्यावर मी उभी होते? मी इथे चेन्नईत, अंबत्तूरला, डोक्याला जाळीची टोपी घालून कामावर! आमची कंपनी डोळ्यांत घालायचे थेंब बनवते, आणि बाहेरून आलेला माल आत घ्यायचा की परत पाठवायचा, ते मी ठरवते. बी.फार्म. झालेय, चेष्टा नाही. आणि त्या दिवशी माल घेऊन कोण आलं? तुकोजी. शिरवळहून, बंद कंटेनर घेऊन, अकराशे किलोमीटर. तुकोजी म्हणजे... अहो, माझे वडील! आबा!

थांबा, नीट सांगते. आबा एकतीस वर्षं ट्रक चालवतायत. वाळू, विटा, ऊस. यंदा गणपतीत फोन आला, नुसता आरडाओरडा, "ऋजे, चेन्नईची लाइन मिळाली बघ! शेठच्या मागं वर्षभर लागलो होतो. तुझ्याच कंपनीला लागणाऱ्या रिकाम्या बाटल्या! आता दर महिन्याला तुला बघीन!" दोन वर्षांत आम्ही दोनदा भेटलोय हो. दोनदा! शेठची अट एकच, पहिलीच खेप परत आली तर लाइन दुसऱ्याला. म्हणून मी तीन वेळा फोन करून सांगितलं, "आबा, मागच्या दाराला नंबरचं सील असतं, त्याला हात लावायचा नाही." तर काय म्हणाले? "तू जन्मायच्या आधीपास्नं गाडी चालवतोय मी. तू मला शिकवतेस?" हेच! या पिढीचं हेच! ऐकतात सगळं, कानात काही जात नाही!

आणि यायचा दिवस कुठला, तर खंडेनवमी. इथे आयुधपूजा. सकाळपासून आमच्या कारखान्यात ही धांदल! यंत्रं पुसली, गंध लावलं, कुंकू लावलं, वजनकाट्याला कुंकू, कॉम्प्युटरला कुंकू, माझ्या मायक्रोस्कोपच्या कपाळाला, म्हणजे कपाळ असतं तर तिथे, कुंकू! दृष्ट काढायला फाटकात भोपळा फोडला. आणि हे सगळं कोणाच्या हस्ते? अप्पाजींच्या. अप्पाजी माझे साहेब, वय बासष्ट, घरचं मराठी तंजावरचं, मला इथल्या लाडानं ‘मा’ लावून हाक मारतात. स्वच्छतेच्या नियमांची वही त्यांच्याच सहीची, बरं का! ती वही, पेनं, शिक्के, सगळं त्यांनी सरस्वतीच्या तसबिरीपुढे मांडलं. आज लिहायचं नाही, वाचायचं नाही. काम बंद. चुरमुरे-डाळे खा आणि घरी जा.

आणि दुपारी दोनला फाटकात आमचा ट्रक! झेंडूचे हे एवढे हार. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, तोंडभर हसू. मी म्हटलं, आधी काम. मागे गेले... आणि सील तुटलेलं. तुटलेलं, आणि वर तारेनं बांधलेलं, आणि तारेच्या गाठीला कुंकू!

"आबा, हे काय?"

"अगं, खंडेनवमी नाही का आज? गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि लेकीच्या कंपनीचा माल तसाच न्यायचा? मग उघडलं जरासं. नंतर बांधलंय बघ, त्यांच्यापेक्षा घट्ट!"

दार उघडलं. काय सांगू तुम्हाला... हात पोचेल तेवढ्या प्रत्येक खोक्याला हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. आणि हात पोचला नाही तिथे? लांबून उधळलं होतं! डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्या! ऑपरेशन झालेली माणसं ते थेंब घालतात! "खोक्यालाच लावलंय की, बाटलीला कुठं लावलंय?" म्हणे. गुडघा धरून वर चढले होते हो त्यासाठी. आणि मी दगडाच्या काळजाची!

तेवढ्यात अप्पाजी आले. मला वाटलं, हे तरी ओरडतील. त्यांनी कंटेनरमध्ये डोकावलं आणि हात जोडले! देवळात आल्यासारखे! दोन मिनिटांत दोघे म्हातारे असे गप्पा मारायला लागले की मी परकी. आबा म्हणतात, "काय गोड मराठी हो तुमचं, कीर्तनकारासारखं." अप्पाजी म्हणतात, "तुकोजीराव, तुम्ही आमच्या घरी जेवायास यायचं." मग मला बाजूला घेऊन, "ऋजुतामा, आज लिहू नको. पेन पूजेत आहे. आज लिहिलीस तर सरस्वतीचा कोप, मा. परवा बघूं."

परवा बघूं! मला काय कळत नाही? परवापर्यंत खोकी पुसली जाणार, कुठून तरी नवं सील येणार, आणि सगळे कसे हसतमुख. आबा माझ्याकडे बघतायत. नुसते बघतायत, लहानपणी मी फटाक्यांच्या दुकानाकडे बघायचे तसे.

पण गेल्या महिन्यात गुंटूरचा एक ड्रायव्हर आला होता. एका खोक्यात एक मुंगी. एक! तो हात जोडून उभा होता, आणि मी त्याच्या तोंडाकडेही न बघता माल परत पाठवला. तेव्हा हेच अप्पाजी म्हणाले, "शाबास, ऋजुतामा!" तो कोणाचाच बाप नव्हता का?

मी गेले. सरस्वतीपुढून पेन उचललं, त्याच्यावरचं फूल बाजूला ठेवलं. अप्पाजी मागून, "ऐयो, ऐयो, नको मा!" लिहिलं. शिक्का मारला. त्या शिक्क्यालाही कुंकू, म्हणजे ‘नामंजूर’सुद्धा अर्धं लाल उठलं! आणि कागद आबांपुढे धरला, कारण ड्रायव्हरची सही लागते.

ओरडायचं ना एखाद्यानं? म्हणायचं ना, नालायक कार्टी, बापाचा माल परत करतेस? मी तयार होते! मला भांडता येतं! तर कागद बघून म्हणाले, "सही झोकात करतेस गं आता." मग सहीच्या वर चालकाच्या शेऱ्याचा रकाना असतो, तिथे बॉनेटवर कागद ठेवून, एकेक अक्षर जोडत लिहिलं, "माल मुलीला दिला. मुलीने परत केला. मुलीचे बरोबर आहे."

मी चुरमुरे दिले. रुमालात बांधून घेतले. म्हणाले, "रस्त्यात खाईन." जेवायला थांबले नाहीत. अख्खा भरलेला कंटेनर उलटा वळवायला किती वेळ लागतो माहितीये? सतरा मिनिटं. मी उभी होते.

लाइन गेलीच. आता आबा पुन्हा विटांवर, जवळच्या खेपा. आईचा फोन, "दगडाच्या काळजाची गं तू!" अप्पाजी चार दिवस नीट बोलले नाहीत. आणि त्यावर कडी म्हणजे शोळिंगनल्लूरच्या मुख्य ऑफिसनं माझा तो कागदच परत पाठवला. का, तर शेरा इंग्रजीत नाही! भाषांतर करून पाठवा.

मला इंग्रजी येतं हो. कॉलेजात निबंधाला बक्षीस होतं. तीन दिवस बसले. ‘माल’ला शब्द आहे, ‘परत’ला आहे, सगळ्याला आहे. लिहायचे, खोडायचे. चौथ्या दिवशी मुख्य ऑफिसचा फोन आला, आजच्या आज हवं.

मग लिहून टाकलं, ‘ड्रायव्हर हॅज नो रिमार्क्स.’

पाच मिनिटांत कागद मंजूर झाला.