पाच किलोमीटरचा अँटेना

"…शंकर नगरचं इंटरनेट, बिना तारेचं, थेट आपल्या घरात! फक्त बाजूच्या विनोदिनीले…" एवढंच ऐकू आलं अन् माझाच मेला कुकर शिट्टी देऊन बसला! आता तुम्हीच सांगा, भिंतीपलीकडे आपलं नाव निघाल्यावर कोणी घरात बसून राहते का? मी गेली वाटी घेऊन, साखर मागाले.

पाहते तर यशवंतराव कॉम्प्युटरले हातभर अँटेना जोडून राहिले. गोल बाजारात कढई आणाले गेले होते, हे घेऊन आले! "वहिनी, सहा हजार मिलीवॅट! पाच किलोमीटरवरून पकडते. आमच्या बहिणीकडे, इंदूकडे नेट हाये ना शंकर नगरात, तेच ओढतो." खरंच? "डब्ब्यावर लिहिलं हाये ना!"

आमचे हे रेल्वेत, बिजलीच्या कामात. तेही आले पाहाले. म्हणे, "अहो, कॉम्प्युटरच्या या छिद्रातून मोजून अडीच वॅट निघते, त्यातून हा सहा वॅट कसा फेकन? अन् फेकला तरी इंदूकडची मशीन तिकडून एवढ्या दूर बोलन का?" यशवंतराव परत म्हणे, "डब्ब्यावर लिहिलं हाये ना!"

पण मी म्हणते, एवढी घाई काहून? आमचं नेट हाये ना बाजूले, मागा! तर यशवंतरावांच्या बायकोनं, सत्यभामावहिनींनी मले स्वयंपाकघरात ओढलं. "आमच्या पोरानं, स्वानंदनं बंगलोरात पोट्टी पसंत केली. रविवारी चार वाजता कॉम्प्युटरवर दाखवणार हाये. पक्कं होईपर्यंत पाऱ्या-मोहल्ल्यात कोणाले कळू द्यायचं नाही म्हणतात हे. मले बस एकदा तिचं तोंड पाहू द्या हो!" अन् डोळ्याले पदर. कोणाले म्हणजे… मलेच ना!

तीन दिवस अँटेना खिडकीत, गच्चीवर, तुळशीजवळ. पडद्यावर इंदूच्या नेटचं नावही नाही!

रविवारी चारले पाच कमी असताना दार वाजलं. यशवंतराव, हातात रिकामी वाटी. "वहिनी, जराशी साखर…"

"साखर देऊ का पासवर्ड?"

मान खाली. पडद्यावर नेटचं एकच नाव होतं म्हणे, पुऱ्या दांड्यांचं… आमच्या पोराचं, पियुषचं!

दिला पासवर्ड. सोबत मीही गेली, एकट्या पासवर्डले कसं पाठवू? गोड पोट्टी, शर्मिष्ठा नाव. मीच समोर बसलेली, तर मलेच म्हणे, "नमस्ते मम्मीजी!" सत्यभामावहिनी हसता हसता रडल्या.

अन् सोमवारी यशवंतराव नळावर सांगून राहिले, "बिना तारेचं, थेट आपल्या घरात!" मी म्हटलं, कुठून आलं तेही सांगा. तर म्हणे, "डब्ब्यावर लिहिलं हाये ना!"

आलं हो, खोटं काहून बोलू? बिना तारेचंच आलं. बस, पाच किलोमीटर नाही… मधली भिंत मोजली मी, नऊ इंच भरली.