फुगा दुसऱ्यांदा खाली आला

(सिनेमागृह, दुपारचा खेळ. मोठा सिनेमा नुकताच सुरू झाला आहे. ऑपरेटर वर मशीनच्या खोलीत, अंधारात बॅटरीनं प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या बॅटरीताई खाली हॉलच्या दाराबाहेर. दोघांमध्ये आतला फोन.)

ऑपरेटर : ...ते राहू द्या, आधी त्या सातव्या रांगेतल्या पैलवानाचं सांगा! रडला की नाही?

बॅटरीताई : हळू बोला हो. फोन नसता तरी जिन्यातून ऐकू आलं असतं.

ऑपरेटर : बरं, हळू. रडला?

बॅटरीताई : ढसाढसा. मारामारीचा सिनेमा बघायला आलेला माणूस, आणि आधीच्या छोट्या कार्टूनलाच पाघळला. बायकोचा रुमाल घेतला, त्यात जोरात नाक शिंकरलं आणि घडी घालून तिला परत दिला.

ऑपरेटर : अगाई! आणि तिनं घेतला?

बॅटरीताई : घेतला. तीही रडतच होती. तिला कुठलं भान!

ऑपरेटर : काय जादू केलीये हो त्या चित्रं काढणारीनं! एक गंजका लोखंडी वजनकाटा आणि बाईच्या आवाजात बोलणारा एक वाट चुकलेला फुगा. काय जोडी आहे! तो जागचा हलत नाही, ती जागेवर टिकत नाही.

बॅटरीताई : मला ते फार आवडतं. फुगा येऊन काट्यावर बसतो, पण वजनच नाही, तर सुई हलणार कशी? काटा बिचारा म्हणतो, "तू बसलीस तरी मला कळत नाही." आणि ती म्हणते, "मग मी बसले की सांगत जाईन ना!"

ऑपरेटर : "सांगत जाईन ना!" आहाहा. आणि शेवटी हवा कमी होत होत ती खाली येते, आणि सुई केसभर हलते...

बॅटरीताई : नका सांगू. पुन्हा भरून येतं.

ऑपरेटर : दोनदा बघूनही?

बॅटरीताई : ते दोनदा तुमच्यामुळे झालं.

ऑपरेटर : माझ्यामुळे? वा गं वा! तुम्ही बॅटरी माझ्या खोलीच्या काचेवर मारलीत. काचेवर उजेड हलला की चित्र बिघडलं, पहिल्यापासून लाव. इतकी वर्षं आपली हीच खूण आहे.

बॅटरीताई : मी डोळे पुसत होते हो! बॅटरी त्याच हातात होती. उजेड कुठे गेला ते मला काय माहीत!

ऑपरेटर : आणि मी इमानदार माणूस. उजेड दिसला, लावली पहिल्यापासून. मला वाटलं लोक खुर्च्या फेकतील.

बॅटरीताई : कसल्या फेकतात! मागच्या रांगेतले आजोबा पहिल्या वेळी घोरत होते. दुसऱ्या वेळी जागे झाले, सगळं बघितलं आणि आजींना म्हणाले, "बरं झालं वेळेवर उठलो." आजींनी कपाळाला हात लावला.

ऑपरेटर : हा हा हा! बरं, ताई. आता माझ्या सकाळच्या प्रश्नाचं काय ते बोला.

बॅटरीताई : कुठल्या?

ऑपरेटर : झालं! माणसानं जिन्यात उभं राहून, घाम पुसत, "लग्न कराल का माझ्याशी" विचारावं, आणि समोरच्यानं "कुठल्या" म्हणावं! तुम्ही म्हणालात, जप झाल्याशिवाय मी कुणाला हो-नाही म्हणत नाही. दुपार झाली. कितीशी मोठी माळ आहे तुमची?

बॅटरीताई : जप केव्हाच झाला. धीर झाला नाही.

ऑपरेटर : मी काय वाघ आहे?

बॅटरीताई : तुमचं नाही हो. लेक आहे, सून आहे. आई या वयात लग्न करते म्हटल्यावर हसतील. आणि तेही कुणाशी, तर देवाला दुरूनच हात जोडणाऱ्या माणसाशी.

ऑपरेटर : दुरून का होईना, जोडतो ना! थांबा, कुणीतरी आलं वाटतं तुमच्याकडे?

बॅटरीताई : मॅनेजरसाहेब आलेत.

मॅनेजर : ताई, फोन मधे धरा. दोघंही ऐका. शॉर्ट फिल्म दोनदा लागली. शो लेट झाला. मालकांना रिपोर्ट द्यायचाय. चूक कुणाची?

बॅटरीताई : माझी, साहेब.

ऑपरेटर : माझी!

मॅनेजर : एकाचं नाव सांगा.

बॅटरीताई : बॅटरी माझ्या हातात होती.

ऑपरेटर : पण बटण माझ्या हातात होतं! त्यांना काही बोलू नका.

बॅटरीताई : यांचं ऐकू नका, साहेब. यांना उगाच पुढे पुढे करायची सवय आहे.

मॅनेजर : एक मिनिट. चूक कुणाची विचारलं की इथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. चुकीसाठी भांडणारे तुम्ही पहिलेच. काय चाललंय काय?

बॅटरीताई : काही नाही.

ऑपरेटर : पुष्कळ काही!

मॅनेजर : हं. कम्प्लेंट एकही नाही. उलट एक बाई बाहेर येऊन विचारून गेली, उद्याही दोनदा दाखवणार का. रिपोर्टमध्ये मशीनचं नाव टाकतो. आणि ताई, माझ्या डोळ्यांकडे बघू नका. एसीची हवा लागते मला.

बॅटरीताई : हो, साहेब. लागते खरी.

ऑपरेटर : गेले? म्हणजे तेही?

बॅटरीताई : तेही. बरं, आता मधे बोलू नका, एक सांगायचंय. काटा फुग्याला विचारतो ना, "राहशील का इथे?" तिथे पहिल्या वेळी सगळा हॉल हसला. खो खो हसला. मला वाटलं, हे आपल्यालाच हसतायत. माझे डोळे तिथेच भरले होते, शेवटी पुसले इतकंच.

ऑपरेटर : अरेरे. आणि मी वर बसून समजतोय, बाईंना गोड वाटलं.

बॅटरीताई : मधे बोलू नका म्हटलं ना. मग तुम्ही परत लावलीत. ती जागा जवळ आली तशी मी भिंतीला टेकून उभी राहिले. म्हटलं, आता पुन्हा हसतील. कुणीही हसलं नाही. तेच लोक, त्याच खुर्च्या, आणि सगळे गप्प. पैलवान तेवढा म्हणाला, "हो म्हण की गं बाई."

ऑपरेटर : मोठा गुणी माणूस. मग बाई काय म्हणते?

बॅटरीताई : लेक आणि सून हसतील.

ऑपरेटर : हो.

बॅटरीताई : पहिल्यांदा हसतील.

ऑपरेटर : म्हणजे? ताई, म्हणजे काय? मी इथे खुर्चीवर उभा राहिलोय, पडेन!

बॅटरीताई : उतरा खाली. सोमवारी सकाळचा खेळ नसतो, लेक-सून दोघंही घरी असतात. तेव्हा या. हातात काही आणू नका. नुसते या.