मजबूत भिंतीचा अहवाल

हसू नका, घडलं तसं सांगतो. इथे टेक्सासात आम्ही दोघं म्हातारी राहतो ती इमारत नगरपालिकेची, सत्तर वर्षांची. भिंती कमकुवत निघाल्या तर पाडायची, नाहीतर दुरुस्त करायची, असं ठरलं. पाडली तर आम्ही कुठे जायचं, ते कुणी ठरवलं नव्हतं.

तपासायला इंजिनिअर आली, मूळची नागपूरची पोरगी. तिच्या ड्रिलचं टोक भिंतीत मोडलं. दुसरं लावलं, तेही मोडलं.

मी म्हटलं, "जन्मभर गवंडीकाम केलंय. ही भिंत तुझ्या नातवंडांनाही पुरेल."

"खरंच काका, एकदम सॉलिड आहे."

बायकोने खुशीत तिला चहा पाजला.

महिन्याने तिचाच फोन आला. "काका, भिंती फारच मजबूत निघाल्या. त्या फोडून नवे पाइप टाकता येणार नाहीत, म्हणून बिल्डिंग पाडायचं फायनल केलं."