गुप्त मतदानासाठी अर्जदार

वकिलावर कोणी विश्वास ठेवत नाही म्हणता ना, ते मी पेठकडच्या एका पाड्यावर भोगलंय. मला कोणी बसासुद्धा म्हणेना. त्या पाड्याचं मतदान केंद्र वेगळं आणि मोजणी केंद्रवार, त्यामुळे अख्ख्या पाड्यानं कोणाला मत दिलं ते निकालातच उघड झालं. मतं पडलेल्या उमेदवाराला होती; निवडून आलेल्यानं लगेच पाण्याचा टँकर बंद केला. अशा मोजणीनं मतदान गुप्त राहत नाही, ते घटनेविरुद्ध आहे, असं मला हायकोर्टात मांडायचं होतं. त्यासाठी पाड्यावरचा अर्जदार हवा होता.

सोनीबाई नावाच्या म्हातारीनं मला दारातच अडवलं. "तुमाला त्यांनीच धाडलं असंल. विरोधात कोण कोण हाय ते बघाया."

"नाही मावशी, कोर्टातल्या अर्जाला नाव हवंय, म्हणून मी नाशिकहून आपणहून आलोय."

"मंग तुमी कोणाला मत दिलं ते सांगा आधी."

कोणाचंही नाव घेतलं तरी पंचाईत. शेवटी म्हणालो, "ते नाही सांगणार. ते माझं मलाच ठाऊक."

तिनं आत सुनेला हाक मारली.

"बाज टाक गं. हा मानूस कोणाचं मत भाईर सांगायचा नाय. अर्जावर माझं नाव लिवू दे त्याला."